ट्रॅक्टरचा आल्टरनेटर : त्याची जोडणी आणि ‘अर्थ’

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पूर्वी या वाटेवर बैलगाड्यांच्या रांगा असत. आता बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर व त्यामागे दोन ट्रॉल्या असा सरंजाम असतो. जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगावचे धरण यांच्या पाण्यावर गेवराई व माजलगाव तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले, तेव्हापासून जिल्ह्यातील रस्त्यांवरही हंगामात हीच वाहतूक दिसते. ती पुष्कळशी रात्रीची असते. पुढे मिणमिणता दिवा आणि मागे संपूर्ण अंधार अशी उसाची ट्रॉली चढावावर संथपणे चाललेली असते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा धडकांत माणसे दगावल्याच्या वार्ता हंगामात येतच असतात.

मागचा दिवा का लागत नाही, याचा शोध घेताना मालक प्रथम बल्ब बदलतो. त्याने काम भागले नाही तर बॅटरी बदलतो आणि शेवटी आल्टरनेटर उतरवून मिस्त्रीकडे नेतो. हा सारा खर्च करूनही दिवा मिणमिणताच राहिला, तर दोष बहुधा या तिन्हींत नसून ‘अर्थ’मध्ये असतो. अर्थ म्हणजे काय व आल्टरनेटरच्या जोडणीत त्याचे काम कोणते, हे एकदा नीट समजून घेतले तर असा दोष शेतकऱ्यास स्वतः हुडकता येतो. त्यासाठी फारशी हत्यारेही लागत नाहीत.

आल्टरनेटर काय करतो

इंजिन चालू करावयाचे तेवढे बॅटरीने करावे आणि पुढे दिव्यांना वीज पुरवून बॅटरीची झीज भरून काढण्याचे काम आल्टरनेटरने करावे, अशी ही वाटणी आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविला असता तारेत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावला. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातील प्रत्येकी २५० मेगावॅटचे संच ज्या तत्त्वावर वीज निर्माण करतात, त्याच तत्त्वावर ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर फिरणारा हा नारळाएवढा आल्टरनेटर चालतो. त्याच्या आतील फिरत्या भागास रोटर म्हणतात. रोटरवर तारेची गुंडाळी असून तीत दोन कार्बन ब्रशांमार्फत थोडासा प्रवाह सोडला की रोटर चुंबक बनतो. बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन गुंडाळ्या असतात व त्यांत प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारी, वीज उत्पन्न होते. बॅटरीला अशी वीज चालत नाही. तिला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह हवा असतो. हे काम आतील सहा डायोड करतात. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी झडप होय. विहिरीच्या पंपावरील फूटव्हॉल्व्ह ज्याप्रमाणे पाणी वर जाऊ देतो परंतु परत खाली येऊ देत नाही, त्याप्रमाणेच डायोड वागतो. इंजिन बंद असता बॅटरीतील वीज आल्टरनेटरमध्ये उलट वाहून जात नाही, ती या झडपांमुळेच.

यापूर्वीच्या ट्रॅक्टरांवर डायनमो असे. इंजिन हळू चालू असता डायनमो जवळजवळ वीजच देत नसे, आणि बॅटरीतील वीज उलट वाहू नये म्हणून त्यास निराळा कटआऊट बसवावा लागे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर, १९६० नंतर, मोटारींवर आल्टरनेटर आला आणि पुढे ट्रॅक्टरांवरही तोच रूढ झाला. उसाच्या फडात ट्रॉली भरताना इंजिन मंद चालू ठेवून दिवे लावले तरी बॅटरी उतरत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. डायनमोच्या काळातील काही सवयी मात्र अद्याप गेलेल्या नाहीत. त्या आल्टरनेटरला कशा घातक ठरतात, ते पुढे येईलच.

इंजिनचा वेग वाढला तरी विजेचा दाब वाढू नये म्हणून रेग्युलेटर असतो. तो रोटरमधील प्रवाह कमी-अधिक करून दाब १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान राखतो. हल्ली तो बहुधा आल्टरनेटरच्या पाठीवरच बसविलेला असतो.

तारांची जोडणी

आल्टरनेटरच्या पाठीकडे पाहिले असता एक जाड बोल्ट व एक किंवा दोन बारीक टोके दिसतात. जाड बोल्टावर ‘बी’ हे रोमन अक्षर व अधिक चिन्ह असते. तयार झालेली वीज येथूनच बाहेर पडते. येथून निघणारी जाड तार बॅटरीच्या धन टोकाकडे जाते. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती सेल्फवरील बॅटरीच्या जाड तारेलाच जोडलेली असते, म्हणून ती थेट बॅटरीपर्यंत दिसली नाही तरी गोंधळून जाऊ नये. ही तार इंजिन बंद असतानाही जिवंत असते. तेथे पाना फिरविताना तो इंजिनला टेकला तर जोराची ठिणगी पडून पाना लाल होतो.

बारीक टोक चार्जिंगच्या दिव्याचे असते. त्यावर ‘एल’ किंवा ‘डी’ व अधिक चिन्ह आढळते. हा दिवा केवळ सूचना देण्यासाठी आहे, असा समज सर्वत्र दिसतो. तो अपुरा आहे. चावी फिरविताच बॅटरीतील थोडासा प्रवाह या दिव्यातून रोटरच्या गुंडाळीत जातो. त्या प्रवाहानेच रोटर प्रथम चुंबक बनतो आणि दिवा पेटतो. इंजिन चालू झाले की आल्टरनेटर त्या टोकावर स्वतःचा दाब निर्माण करतो. मग दिव्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच दाब झाल्याने त्यातून प्रवाह वाहत नाही व दिवा विझतो. म्हणून चावी फिरविल्यावर दिवा पेटलाच नाही, तर ‘कटकट गेली’ असे समजून स्वस्थ बसू नये. बल्ब गेला असेल, तार तुटली असेल किंवा कार्बन ब्रश झिजले असतील. पुष्कळ आल्टरनेटर अशा स्थितीत वीज देण्यास सुरुवातच करीत नाहीत, किंवा इंजिन फार वेगाने फिरविल्यावर कसेबसे करतात. पंधरा-वीस रुपयांच्या बल्बसाठी आल्टरनेटर उतरविला जातो, तो असा.

परतीची वाट

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व तारा धन बाजूच्या आहेत. परंतु वीज वाहण्यास जाण्याची वाट व परतीची वाट अशा दोन वाटा लागतात. ट्रॅक्टरवर परतीच्या वाटेसाठी प्रत्येक दिव्याला निराळी तार ओढण्याऐवजी लोखंडी सांगाडाच तारेसारखा वापरतात. बॅटरीचे ऋण टोक जाड पट्टीने सांगाड्याला जोडलेले असते. आल्टरनेटरचे अंग हेच त्याचे ऋण टोक असते व ते ब्रॅकेटच्या बोल्टांमधून इंजिनला जोडले जाते. या सांगाड्याच्या वाटेला अर्थ म्हणतात.

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पृथ्वी, आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. ट्रॅक्टर रबरी टायरांवर उभा असतो. त्याच्या विजेचा जमिनीशी काही एक संबंध नसतो. ट्रॅक्टरचा अर्थ म्हणजे केवळ परतीची वाट होय आणि तीतून सदैव प्रवाह वाहावयाचा असतो. विहिरीवरील पंपाचे अर्थिंग ही सर्वस्वी निराळी वस्तू आहे. तेथे खड्ड्यात कोळसा व मीठ घालून पुरलेली नळी किंवा पत्रा असतो, आणि त्या तारेतून एरवी काहीच वाहावयाचे नसते. मोटारीच्या अंगात वीज उतरली तर ती माणसाच्या शरीरातून न जाता जमिनीत जावी, एवढ्यासाठीच ते असते.

हा भेद केवळ शब्दाचा नव्हे. ट्रॅक्टरच्या सवयीने कोणी पंपाच्या अर्थिंगलाच परतीची तार समजून त्यावर बल्ब किंवा शेगडी चालवितो, आणि ती चालतेही. पण बालाघाटच्या कोरड्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध समजा ५० ओहम झाला, आणि २३० व्होल्टवर चालणारी १,००० वॅटची, म्हणजे सुमारे ५३ ओहम रोधाची, शेगडी त्यावर लावली, तर जवळजवळ निम्मा दाब, म्हणजे ११० व्होल्टहून अधिक, अर्थिंगच्या तारेवर येतो. पंपाचे अंग व स्टार्टरची पेटी त्याच तारेला जोडलेली असते. ओल्या पायांनी पेटीला हात लावणारा माणूस दगावण्यास एवढा दाब पुरेसा आहे. पंपाच्या अर्थिंगवर कोणतेही उपकरण कधीही चालवू नये.

ट्रॅक्टरकडे वळावयाचे तर त्याच्या रचनेतील एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. जीप किंवा पिकअप गाडीचे इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असते, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये विणीची तांब्याची पट्टी घालावीच लागते. ती तुटली की सेल्फचा प्रचंड प्रवाह क्लच किंवा रेसच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धूर निघतो. बहुतेक ट्रॅक्टरांत असा वेगळा सांगाडा नसतो. इंजिन, गिअरची पेटी आणि मागचा आस ही बिडाची अवजड अंगे एकमेकांना घट्ट जोडून त्यांचाच कणा बनविलेला असतो. हा कणा उत्तम अर्थ होय. परंतु बॉनेट, डॅशबोर्ड व मडगार्ड हे पत्र्याचे भाग पुष्कळदा रबरी बुशांवर बसविलेले असतात, त्यांना रंग लावलेला असतो, आणि दिवे नेमके याच पत्र्यांवर असतात. म्हणून मडगार्डवरील दिवा बोल्टाने पत्र्याला कसला म्हणजे त्यास अर्थ मिळाला, असे धरून चालू नये. त्याच्या अंगापासून बिडाच्या कण्यापर्यंत स्वतंत्र तार द्यावी.

धन टोक सांगाड्याला जोडण्याची पद्धतही एके काळी होती. १९४६ ते १९५६ या काळात ब्रिटनमध्ये तयार झालेल्या फर्ग्युसन टी. ई. २० या प्रसिद्ध ट्रॅक्टरची जोडणी तशी होती. आजचे ट्रॅक्टर ऋण अर्थाचे असतात. जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर बॅटरी लावण्यापूर्वी कोणते टोक सांगाड्याला आहे ते अवश्य पाहावे. आल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरवर बॅटरी उलटी लागली, तर डायोडच्या झडपा उघड्या पडून त्यांतून बेसुमार प्रवाह वाहतो व त्या क्षणात जळून जातात.

खराब अर्थाचा हिशेब

लोखंडावर गंज चढला, बोल्टाखाली रंग राहिला, काळ्या मातीचा चिखल सांध्यात शिरून वाळला, की तेथे रोध उत्पन्न होतो. तो डोळ्यांना दिसत नाही व अगदी अल्प असतो, म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही. आल्टरनेटरच्या ब्रॅकेटपाशी केवळ ०.०२ ओहमचा रोध आहे असे धरा. आल्टरनेटर २५ अँपिअर प्रवाह देत असेल तर त्या सांध्यावर अर्धा व्होल्ट दाब खर्च होतो. रेग्युलेटर दाब मोजतो तो आल्टरनेटरच्या अंगापासून. त्यास १४.२ व्होल्ट दिसतात व तो संतुष्ट असतो. बॅटरीच्या वाट्याला मात्र १३.७ व्होल्टच येतात. रोध दुप्पट झाला तर १३.२ व्होल्ट येतील, आणि एवढ्या दाबाने बॅटरी कधीच पुरती भरत नाही. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचा कठीण थर चढतो आणि ती अकाली निकामी होते. दुकानदार नवी बॅटरी देतो. तीही त्याच वाटेने जाते.

सेल्फच्या बाबतीत हाच हिशेब अधिक कठोर होतो. इंजिन फिरविण्यास समजा २५० अँपिअर लागत असतील, तर बॅटरीच्या अर्थपट्टीत त्याच ०.०२ ओहमच्या रोधावर ५ व्होल्ट खर्च व्हावयास पाहिजेत. बाराांतून पाच वजा जाता सात उरतात. प्रत्यक्षात सेल्फ ‘कट्’ असा आवाज करून थांबतो, दिवे मंदावतात व पट्टीचा सांधा हाताला चटका बसण्याइतका तापतो. जेथे सांधा ढिला असेल तेथे ठिणग्याही पडतात. वाळलेल्या पाचटात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली अशी ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगावयास नको.

ट्रॉलीचे मागचे दिवे

अपघाताशी थेट संबंध आहे तो या भागाचा, आणि नेमका हाच भाग सर्वांत दुर्लक्षित असतो. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीकडे पार्किंग, ब्रेक व इंडिकेटर यांच्या तारा जातात. परतीची तार मात्र दिलीच जात नाही. ट्रॉली लोखंडी पिनने ट्रॅक्टरला जोडलेली असल्याने अर्थ तेथून मिळतो, असा हिशेब असतो. उभ्या ट्रॉलीत तो मिळतोही. ट्रॉली चालू लागली की पिन खळखळते, तिच्यावर ग्रीस व धूळ यांचा लेप असतो, चढाला ती एका अंगाला टेकते व उताराला दुसऱ्या. परिणामी दिवा लुकलुकतो किंवा विझतो. मागची दुसरी ट्रॉली तर अशा दोन पिनांच्या पलीकडे असते.

अर्थ तुटला की वीज दुसरी वाट शोधते. एकाच पेटीतील पार्किंगचा, ब्रेकचा व इंडिकेटरचा बल्ब यांचा अर्थ एकच असतो. तो तुटला असता ब्रेकच्या बल्बमधून गेलेला प्रवाह पार्किंगच्या बल्बमधून उलट फिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्याकडे जातो. म्हणून ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा उजळण्याऐवजी मंद झाला, अथवा एका बाजूचा इंडिकेटर लावला असता दुसरेही दिवे त्याच्याबरोबर लुकलुकू लागले, तर बल्ब, स्विच किंवा फ्यूज यांच्या मागे न लागता प्रथम अर्थ पाहावा. ही खूण सहसा चुकत नाही.

उपाय सोपा व स्वस्त आहे. ट्रॅक्टरच्या बिडाच्या कण्यावर रंग खरवडून एक बोल्ट पक्का करावा. तेथून परतीची स्वतंत्र तार सॉकेटमधून पहिल्या ट्रॉलीत व तेथून दुसऱ्या ट्रॉलीत न्यावी आणि प्रत्येक दिव्याच्या पेटीला ती जोडावी. सर्व दिव्यांचा प्रवाह या एकाच तारेतून परत येतो, म्हणून ती इतर तारांहून जाड असावी. तारांचे रंग प्रत्येक कारागीर आपापल्या सोयीने घालतो. रंगावर विसंबून न राहता टेस्ट लँपने खात्री करून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणे ट्रॉलीला मागे लाल दिवे व परावर्तक असणे आवश्यक आहे. परावर्तकाला वीज लागत नाही, पण उसाची वाढे लोंबून तो झाकला गेला तर त्याचाही उपयोग नाही.

तपासणी

साधा मल्टिमीटर जवळ असावा. तो २० व्होल्टच्या दिष्ट दाबावर ठेवावा. इंजिन काही तास बंद असता बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर ती भरलेली आहे. १२.२ दिसले तर निम्मी समजावी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर ती निराळी भरून घेतल्याशिवाय पुढील तपासणी व्यर्थ आहे. नंतर इंजिन मध्यम वेगाने चालवून पाहावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर आल्टरनेटर ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी वारंवार आटेल.

आता अर्थाची कसोटी. सर्व दिवे लावून इंजिन चालू ठेवावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर धरावे. तारेच्या पकडीवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरे आल्टरनेटरच्या रंग नसलेल्या अंगावर टेकवावे. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थ चांगला आहे. आकड्यापूर्वी उणे चिन्ह आले तरी बिघडत नाही. आकडा जास्त असेल तर दुसरे टोक क्रमाने ब्रॅकेटवर, इंजिनच्या बिडावर, अर्थपट्टीच्या बोल्टावर व शेवटी बॅटरीच्या पकडीवर टेकवीत यावे. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उतरेल तेथे दोष आहे. धन बाजूसही आल्टरनेटरचा जाड बोल्ट आणि बॅटरीची धन खुंटी यांमध्ये असेच मोजावे. तेथे अर्ध्या व्होल्टहून कमी असावे. फिरत्या पट्ट्यापासून उपरणे, बाही व मीटरच्या तारा दूर ठेवाव्यात.

दोष सापडल्यावर सांधा सोडवून दोन्ही पृष्ठे पॉलिशपेपरने धातू चमकेपर्यंत घासावीत, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा, आणि त्यावर, म्हणजे आवळल्यानंतर, ग्रीस किंवा व्हॅसलिनचा हात फिरवावा. तारेला थिंबल नीट दाबून बसवावा. तारेचे केस पिळून बोल्टाखाली गुंडाळलेला सांधा एक पावसाळाही टिकत नाही.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. आल्टरनेटर वीज देतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असता बॅटरीची तार काढण्याची युक्ती डायनमोच्या काळची आहे. आल्टरनेटरवर ती केली असता दाब एकदम उसळतो आणि डायोड व रेग्युलेटर जळतात. बॅटरी काढताना ऋण तार प्रथम सोडावी व बसविताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना सांगाड्याला टेकला तरी वीज वाहणार नाही. हंगामापूर्वी ट्रॉलीचे सांधे जोडून घेताना ती ट्रॅक्टरला जोडलेली असेल, तर वेल्डिंगपूर्वी सॉकेट उपसावे, तसेच बॅटरीच्या व आल्टरनेटरच्या तारा सोडाव्यात. वेल्डिंगची अर्थाची पकड वेल्डिंगच्या जागेलगतच लावावी. ती दूर ट्रॅक्टरच्या अंगावर लावली, तर वेल्डिंगचा प्रवाह आल्टरनेटरमधून मार्ग काढू शकतो.

हंगाम संपून ट्रॅक्टर पावसाळ्यात छपराखाली उभा राहावयाचा असेल, तर बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी, महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्यावी, आणि तारांचे वेष्टण उंदरांनी कुरतडले आहे काय ते खरीप पेरणीच्या घाईतही एकदा पाहून घ्यावे.